निव्वळ गाणं ऐकायला म्हणून तुम्ही कोणत्या जत्रेला जाता? (मराठवाडा)

पूर्णाकाठचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मूळ परभणीचा, पोटासाठी पुण्यात. परवा डबा खाताना जोधपूरचा एक सहकारी सांगत होता, की शरद पौर्णिमेच्या सुमाराला त्यांच्या मेहरानगड किल्ल्यात लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो, लंगा-मांगणियार गातात, परदेशातून माणसं येतात. मग त्यानं विचारलं, "तुमच्या मराठवाड्यात असं काय असतं?" मी भाकरी मोडता मोडता म्हणालो, "तसं काही नसतं."

रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःचाच राग आला. तसं काही नसतं? मग माळेगाव काय आहे?

नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढं माळेगाव. मार्गशीर्ष सरता सरता, अमावास्येच्या तोंडावर तिथं खंडोबाची यात्रा भरते. कोणी घोडे बघायला जातं, कोणी गाढवांचा-उंटांचा बाजार, कोणी कुस्त्या, कोणी तमाशाचे फड. जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सवही असतो. आमचे बाबा जनावरांच्या बाजारासाठी जायचे. मी आठवीत असताना पहिल्यांदा मला सोबत नेलं. थंडी अशी, की घोंगडीतून हात बाहेर काढवेना. बाबा घोड्यांचे भाव ऐकत बसले आणि मी भटकत एका शेकोटीपाशी गेलो. तिथं साठीच्या पुढचा एक वाघ्या दिमडी आगीवर धरून कातडं ताणून घेत होता. मुरळी शेजारी चहा पीत बसलेली. माईक नाही, मांडव नाही. त्यानं बोटानं दिमडी एकदा वाजवून पाहिली, मान हलवली, पुन्हा आगीवर धरली. असं चार-पाच वेळा. मला वाटायचं, आता सुरू होईल, आता होईल.

आणि सुरू झालं. खंडोबाचं मन बाणाईवर बसलं आणि म्हाळसा रुसली, ही गोष्ट आजीकडून शंभरदा ऐकलेली. पण मुरळी म्हाळसेच्या बाजूनं भांडायला लागली तशा शेकोटीभोवतीच्या बाया तिला सामील झाल्या. एकीनं तर खुद्द देवाला उद्देशून अशी काही सुनावली, की ती इथं लिहिता येणार नाही. कोणी तिला गप्प बसवलं नाही. वाघ्या हसला आणि तिची ओळ उचलून त्यानं पुढच्या कडव्यात घातली!

बाबा शोधत आले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. माझा कान धरला, आणि तो धरूनच खाली बसले. आम्ही पहाटे उठलो.

तर प्रश्न साधा आहे. दर्शन, पाळणे, रेवड्या हे सगळं असतंच. निव्वळ कानासाठी तुम्ही कुठं जाता, तिथं नेमकं काय मिळतं, आणि तुम्हाला हे का आवडतं? सविस्तर लिहा. "आमच्या गावची जत्रा लय भारी" एवढ्यावर भागवू नका.

येडाईची लेक

आमच्या गावची जत्रा लय भारी :)

बरं, सविस्तर. माहेर कळंब तालुक्यातलं. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा. देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, लोक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात, पालखी आमराईत उतरते. हे वर्तमानपत्रात छापून येतं. छापून येत नाही ते आमराईतल्या रात्रीचं. बैलगाड्या सोडलेल्या (आता टेम्पो जास्त), चुली पेटलेल्या, आणि प्रत्येक झाडाखाली आराध्यांचा, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांचा, एक मेळा. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कुणाकडं पोत. संबळ, तुणतुणं, झांज. एका झाडाखालचं गाणं संपायच्या आत दुसरीकडचं सुरू झालेलं असतं.

माझी आई घरात कधी मोठ्यानं बोलली नाही. आमचं एकत्र कुटुंब, आजोबा कडक. मी दहा वर्षांची असेन. आमच्या गाडीशेजारी कुठल्या तरी लांबच्या गावचा मेळा बसला होता आणि त्यांची मागं झील धरणारी, म्हणजे पुढच्या बाईची ओळ उचलून साथ करणारी, बाई आजारी पडलेली. पुढची बाई एकटीच ओढत होती, दम लागत होता. तिसऱ्या कडव्याला मागून कोणीतरी झील उचलली. चांगली खणखणीत, वरच्या पट्टीत. मी गोधडीतून डोकं काढून बघते तर आई. पदर डोक्यावरून खाली आलेला, डोळे मिटलेले. समोर आजोबा बसलेले, तेही ऐकत होते, आणि काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, "तू झोपेत होतीस."

आता मी ठाण्यात आहे. चैत्र पौर्णिमेला सुट्टी टाकते आणि जाते. मला स्वतःला गाता येत नाही, पण झील धरता येते. तिथं तेवढं पुरतं.

खडा सवाल

दोन्ही प्रतिसाद छान, पण एक विचारू? ह्यातलं किती गाणं आणि किती बालपण? मी बीडचा, दर वर्षी दोन-तीन जत्रा बघतो. हल्ली काय असतं सांगतो. मंदिराच्या दारात स्पीकरची भिंत, तिच्यातून एकच गाणं ढाण ढाण, आणि संबळवाला बिचारा कोपऱ्यात हात हलवतोय. वाजतंय का नाही ते त्याचं त्यालाही कळत नसेल. शेकोटी, आमराई हे सगळं तीस वर्षांपूर्वीचं आहे. आज जाऊन या आणि मग लिहा.

येडाईची लेक

खडा सवाल भाऊ, यंदाच जाऊन आले. स्पीकर होते, खरंय. आमराईत आत गेलं की आवाज कमी होतो. तुम्ही मंदिराच्या दारातूनच परत फिरत असाल.

पूर्णाकाठचा

+१. शिवाय वाद घालायचाच असेल तर डीजेवर वेगळा धागा काढा, तिथं मीही येतो शिव्या द्यायला.

झीलकरी

बऱ्याच वर्षांपासून इथं वाचतो, लिहीत नाही. आज राहवलं नाही. आमचं घर गोंधळ्याचं. पणजोबापासून संबळ घरात. मी स्वतः बँकेत आहे, पण लग्नसराईत वडिलांच्या मागं उभा असतो. ताई, झीलेबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण लोक पुढं नाचणाऱ्या नाईकाचा फोटो काढतात, मागं तुणतुणं धरून "जी जी" करणाऱ्याला फोटोतून कापतात.

थोडं आतलं सांगतो. आमच्यात कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा. कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. घरी गोंधळ घातला की आधी चौक मांडायचा: पाटावर नवं कापड, धान्याची रास, कलश, विडा, नारळ, वर ज्वारीच्या किंवा उसाच्या पाच ताटांचा मखर. दिवटी पेटवायची, बुधलीतून तेल घालायचं. मग गण, आणि मग आवतन. आवतन म्हणजे गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलवायचं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, मग त्या गावचा मारुती, वेशीबाहेरची मरिआई. कोणी सुटता कामा नये. सगळे आले की आख्यान. तिथं नाईकाची खरी कसोटी, कारण आख्यान पाठ असतं पण माणसं रोज नवी असतात. समोरच्या घरात काय चाललंय, नवरदेवाचा मामा रुसलाय का, सासू कशी आहे, हे बघून सोंगाडी मधे मधे बोलतो. तुमच्या वाघ्यानं बाईची ओळ उचलली ना, तेच.

संबळाबद्दल लोक विचारतात म्हणून: दोन वाद्यं एकत्र बांधलेली, एक लहान आणि चढ्या आवाजाचं, दुसरं मोठं, घुमणारं. काड्याही दोन आणि सारख्या नसतात, एकीचं टोक वाकवलेलं असतं. कमरेला बांधून उभ्यानं वाजवायचं, तेही रात्रभर. वडिलांच्या कमरेवर पट्ट्याचा काळा डाग आहे, तो आता जात नाही.

आणि "तुम्हाला हे का आवडतं" असं विचारलंत म्हणून सांगतो. आम्हाला आवडतं का, हे आम्हाला कोणी विचारलेलं नाही. ती रोजी आहे. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ मंचावर नेला, त्यांना लोक गोंधळमहर्षी म्हणायचे, त्यांच्यामुळं आमच्यासारख्यांना चार ठिकाणी मान मिळाला. पण आजही लग्नात यजमान म्हणतात, "काका, अर्ध्या तासात उरका, जेवणं खोळंबलीत." अर्ध्या तासात देव गोळा होत नाहीत. मग वडील गाडीत बसल्यावर उरलेली नावं पुटपुटत घरी येतात.

येडाईची लेक

शेवटची ओळ वाचून थांबले.

निवृत्त गुरुजी

झीलकरींचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. एक जोड देतो. संभाजीनगरचे डॉ. प्रभाकर मांडे यांनी आयुष्यभर हेच काम केलं. वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोतराज, वासुदेव, सगळ्यांमधे जाऊन बसले, लिहून काढलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले.

माझी आवडती जत्रा पैठणची नाथषष्ठी, फाल्गुन वद्य षष्ठी. मी चाळीस वर्षं शिक्षक होतो आणि एवढ्या वर्षांत मुलांना भारूड "रूपकात्मक काव्यप्रकार" म्हणून शिकवलं, मार्कांसाठी. पैठणला गोदावरीच्या वाळवंटात एका म्हाताऱ्यानं विंचवाचं भारूड करताना पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. तो खरोखर लोळत होता हो! नऊवारी नेसलेला, मिशा तशाच. पोरं हसून गडबडा लोळतायत, आणि त्यातच तो एकदम थांबून काम-क्रोधाचा विंचू म्हणजे काय ते अगदी हळू आवाजात सांगतो. पोरं गप्प. मग पुन्हा बोंब ठोकतो. वर्गात मी ह्यातलं काहीच केलं नव्हतं.

नाथांचं मोठेपण मला तिथं कळलं. त्यांनी नवीन वेश शिवले नाहीत. दारावर येणारा वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी बाई, ह्यांचेच आवाज घेतले. १५९९ साली नाथ गेले. त्यांनी घेतलेले वेश अजून वाळवंटात उभे आहेत. अर्थात काही कमीही झाले. 'बुरगुंडा' हे भारूड करणारे निरंजन भाकरे २०२१ मधे करोनात गेले. त्यांचं भारूड ज्यांनी समोर बसून पाहिलं त्यांनी कृपया इथं लिहावं.

निळी पहाट

गुरुजी, नमस्कार. सगळे देवांच्या जत्रा सांगतायत, मी विनादेवाची सांगतो. १४ जानेवारी, विद्यापीठ गेट, औरंगाबाद.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत काय झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. त्या दिवशी गेटसमोर माणूस मावत नाही. पुस्तकांचे स्टॉल आणि ठिकठिकाणी गायन पार्ट्यांचे मंच. ढोलकी, पेटी, कोरस. एका मंचापुढं वीस पावलं गेलात की दुसऱ्याचा आवाज पकडतो. माझे वडील गावाकडून सालगड्याची एक दिवसाची सुट्टी काढून यायचे. पुस्तक वाचता येत नव्हतं, तरी एक विकत घ्यायचे. गाणी मात्र शंभरच्या वर तोंडपाठ. वामनदादा कर्डकांची, आणि ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत अशा खेड्यातल्या शाहिरांची. सोळा वर्षांचा तो सगळा इतिहास मला वडिलांनी गाऊन सांगितलाय, पुस्तकात मी तो नंतर वाचला.

खडा सवाल

आदर आहेच. पण ह्याला लोकसंगीत म्हणायचं का? कवीचं नाव माहीत आहे, चाली बऱ्याचदा सिनेमाच्या असतात. लोकसंगीत म्हणजे परंपरेनं आलेलं, कर्ता माहीत नसलेलं.

निळी पहाट

भारुडाचा कर्ता माहीत आहे ना? एकनाथ. तिथं तुम्हाला अडचण आली नाही.

आणि चालीचं म्हणाल तर लोकांनी चाल नेहमीच शेजारून उचललीय. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्यात, त्या ध्वनिमुद्रित आहेत. गी पॉईतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात त्या आहेत. जातं तेच, ओवीची चाल तीच, फक्त पंढरीच्या जागी भीमराय आला. आता ही ओवी जुनी की नवी ते तुम्हीच सांगा.

खडा सवाल

नाथांचा मुद्दा बरोबर आहे. मागं घेतो.

झीलकरी

आमच्या वाड्यातला संबळ शिवणारा, हलगीला कातडं चढवणारा माणूस कोण असतो, ते पण ह्याच चर्चेत येऊ द्या. हलगीशिवाय देवीची पालखी हलत नाही आणि हलगीवाल्याला गाभाऱ्यात बोलावत नाहीत, हे मी लहानपणी बघितलंय. नामांतराच्या गेटवर तोच माणूस मंचावर मधोमध बसलेला असतो. मला तिथं जायला आवडतं त्याचं कारण एवढंच.

पाथरीवाला

परभणीकरानं धागा काढला आन् परभणीचा उरूसच इसरला! २ फेब्रुवारी, हजरत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस. आपल्याकडं दिवाळीच्या खरेदीला पैसे कमी पडले तर माणूस म्हणतो "उरुसात घेऊ". कव्वाली रात्री उशिरा रंगात येते. आमच्या गल्लीतले भजनी मंडळाचे तबलजी दर सालाला पहिल्या ओळीत असतात, मांडीवर ठेका धरून. मी म्हणलं, काका तुमाला उर्दू समजायलीय का? म्हणले, "समजायला कशाला पायजे, समेवर यायलेत ना सगळे."

मला बी तेवढंच सांगता येतं.

पूर्णाकाठचा

पाथरीवाले, चूक कबूल. पुण्यात राहून डोकं गेलं. संदलच्या मिरवणुकीत लहानपणी हरवलो होतो मी, तो किस्सा मुद्दाम लिहिला नाही.

बोरीकाठ

नळदुर्गकडून एक छोटी भर. आमच्या खंडोबाला दोन घरं आहेत, अणदूर आणि नळदुर्ग-मैलारपूर. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने आमच्याकडं. नेताना-आणताना दोन्ही गावांचे मानकरी बसून रीतसर करार करतात. पौष पौर्णिमेला मैलारपूरला मोठी यात्रा. सोलापूर आणि कर्नाटक जवळ असल्यामुळं वाघ्या-मुरळीची पदं मराठीत सुरू होतात आणि कधी कानडीत जातात कळत नाही. तुळजापूरच्या कोजागिरीला पण हेच. सोलापूरकडून रात्रभर माणसं चालत येतात, "आई राजा उदो उदो" सगळ्यांचं एकच, मधली गाणी मात्र आपापल्या भाषेत. आम्ही रस्त्याकडेला चहा वाटतो. चहा निमित्त आहे, आम्ही ऐकायलो असतो.

तांड्यावरून

किनवट भागातला आहे. आमच्या बंजारा तांड्याचं कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहितो.

होळीच्या आधी कितीतरी दिवस रोज रात्री लेंगी. जेवणं झाली की नायकाच्या घरासमोर डफडं वाजतं आणि माणसं गोल धरतात. लेंगी म्हणजे गोरबोलीतली होळीची गाणी. पुढचा एक ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. पुरुष एक म्हणतात, बाया त्याला उत्तर देतात, आणि उत्तर बहुतेक वेळा जास्त तिखट असतं. होळी आम्ही संध्याकाळी नाही, पहाटे पेटवतो. ज्या घरात वर्षभरात पोरगं झालं तिथं दुसऱ्या दिवशी धुंड. गेरिये येतात, बाळाच्या डोक्यावर काठी धरून तिच्यावर ठोके देत लांबलचक आशीर्वाद म्हणतात. माझ्या धुंडीचे ठोके मला आठवत असल्यासारखे वाटतात, पण ते अर्थातच शक्य नाही. दुसऱ्यांचे बघून बघून तसं वाटत असेल.

ऊसतोडीला गेलेले कितीतरी जण कारखान्यावरून एका रात्रीसाठी येतात. मुकादमाशी भांडून येतात. उचल घेतलेली असते, खाडा धरला जातो, तरी येतात. का, ते मला शब्दात सांगता येणार नाही. एकदा माझ्या काकानं प्रयत्न केला होता. म्हणाला, कारखान्यावर मला सगळे "कोयता" म्हणून मोजतात. इथं मी ओळ टाकली नाही तर गाणं पुढं सरकत नाही.

दिवाळीत आमच्या शेजारी गोंडांच्या गावात दंडार (नाच-गाणं) असते, मोरपिसांचा मोठा टोप घातलेले घुसाडी असतात. ते बघायला आम्ही जातो, लेंगीला ते येतात. त्याबद्दल त्यांच्यातल्याच कोणी लिहिलं तर बरं.

झांजवाली

सगळं वाचलं, सुंदर आहे. आता थोडं वेगळं. मी शहरात वाढले, घरात कोणी गाणारं नाही, जत्रेला कधी नेलं नाही ("गर्दी असते"). मला लोकसंगीत मिळालं ते विद्यापीठाच्या युवक महोत्सवात. तिथं पोवाडा, भारूड, लोकवाद्यवृंद अशा स्पर्धा असतात. आमच्या कॉलेजनं सराव घ्यायला एक गोंधळी काका बोलावले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला झांज दिली आणि म्हणाले, "ताई, ही वाजवायची नसते, थांबवायची असते." दोन दिवस मला नुसतं थांबवायला शिकवलं. झांज वाजते ती कोणीही वाजवतं, पण आवाज हाताच्या तळव्यानं कुठं कापायचा त्यात सगळा ठेका आहे.

म्हणून मंचाला एवढी नावं ठेवू नका. मंच नसता तर माझ्यासारखीला दार नव्हतं. वेरूळ-अजिंठा महोत्सवात सोनेरी महालासमोर खुर्चीत बसून ऐकलं तर त्यातही मला लाज वाटत नाही. आणि बायांच्या बाजूनं एक रोकडी गोष्ट. जत्रेत रात्रभर थांबायचं म्हणता, पण स्वच्छतागृह कुठं असतं? गेल्या वर्षी एका यात्रेत आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो. संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायचंच बंद केलं. रात्री अकराला, नेमकं रंगात आलेलं असताना, उठून निघालो. गाणं न आवडल्यामुळं उठलो नव्हतो आम्ही.

येडाईची लेक

शंभर टक्के. आम्ही आमराईत थांबू शकतो कारण सोबत बायांचा मोठा घोळका असतो आणि अंधार असतो. आईच्या काळापासून हेच चालू आहे. ह्याला परंपरा म्हणू नका कोणी.

खडा सवाल

झांजवाली ताईंचा मुद्दा खरा आहे, त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही. मंचाबद्दल मात्र विचारतो. मंचावर वीस मिनिटांत सगळं बसवतात. देवीचा चौक थर्माकोलचा. त्यातून काय कळणार?

झीलकरी

थर्माकोलचा चौक असला तरी मंचावरचं मानधन खात्यात येतं, भाऊ. घरच्या गोंधळात अजून काही जण पायलीभर ज्वारी आणि नारळ देतात. ज्वारीचा अपमान करत नाही मी, पण पोराची फी ज्वारीत भरता येत नाही. मंच वाईट नाही. मंचावर झील धरायला समोरचं कोणी येत नाही, एवढीच त्याची अडचण. माणसं टाळ्या वाजवतात, आणि संबळ चालू असताना मधेच टाळ्या वाजल्या की वडील दचकतात. त्यांना वाटतं, काहीतरी चुकलं.

पूर्णाकाठचा

झीलकरी, एक विनंती होती, बरेच दिवस मनात घोळतेय. वडिलांचं आवतन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून इथं टाकाल का? पाच मिनिटांचं चालेल. त्या जोधपूरवाल्याला ऐकवायचंय.

निवृत्त गुरुजी

ह्या मागणीला माझाही पाठिंबा. जतन होणं गरजेचं आहे.

झीलकरी

काल रात्री विचारलं वडिलांना. नाही म्हणाले.

रागावले नाहीत. म्हणाले, आख्यान म्हणतो, पद म्हणतो, पाहिजे तेवढं भरून घे. आवतन नुसतं म्हणायचं नसतं. एकदा नाव घेऊन बोलावलं की ते येतात. चौक नाही, दिवटी नाही, नैवेद्य नाही, आणि आलेल्यांना बसवायचं कुठं? तुझ्या त्या मोबाईलवर?

मी म्हणालो, बाबा, सरावाला तर म्हणता. तर म्हणाले, "सरावात मी एक नाव गाळतो." एवढी वर्षं त्यांच्या मागं उभा राहतोय मी, हे मला माहीत नव्हतं. कोणतं गाळता विचारलं तर सांगितलं नाही.

येडाईची लेक

:(  आणि :) दोन्ही.

पूर्णाकाठचा

मग असं करू. पुढच्या वैशाखात परभणीला घराची वास्तुशांत आहे. गोंधळ घालायचं आईच्या मनात होतंच, मीच "वेळ कुठं आहे" म्हणून टाळत होतो. वडिलांना विचारा, येतील का. रात्रभर. जेवणं आधी उरकून घेऊ, कोणी घाई करणार नाही. त्या सहकाऱ्यालाही घेऊन येतो, ध्वनिमुद्रणाऐवजी समोरच बसू दे त्याला.

पाथरीवाला

मी बी यायलो. तबलजी काकाला घेऊन.

झांजवाली

झांज मी आणते. आणि जागा विचारून ठेवते, वास्तुशांतीचं घर आहे म्हणजे स्वच्छतागृह असेल ना :)

झीलकरी

विचारलं. येतो म्हणाले. सामान लिहून घ्या: ज्वारीची पाच ताटं, कणसासकट मिळाली तर उत्तम. वैशाखात कडबाच असेल तर उसाची आणा. पाट, नवं खणाचं कापड, पाच नारळ, विड्याची पानं, सुपाऱ्या, हळद-कुंकू, गहू सव्वा किलो, दिवटीला करडईचं किंवा गोडंतेल. घराण्याचं कुलदैवत आणि गावचा देव कोणता, वेशीवर कोण आहे, शेतात कोणता दगड पुजता, हे आईंना विचारून कागदावर लिहून ठेवा. नाव सुटलं तर वडील अर्ध्यातून थांबतात.

आणि साऊंडवाल्याला सांगितलं असेल तर रद्द करा.